केबल धरणारा हात

मॅडम: अहो काका, ओढा ना! दोघं मिळून जोर लावू.

काका: ओढायचं कशाला धरून, मॅडम? हँडलच नाही. आणि कडेला बोटं घालू नका, त्या पितळी पट्ट्या कातडं सोलतात. मागच्या वर्षी माझं नख गेलंय तिथं.

मॅडम: असं एकदम कसं निघालं हँडल?

काका: एकदम कुठलं? सहा महिने डुगडुगतंय. तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं, पाहणी करू. दुसऱ्याला आलं, पाहणी झाली.

मॅडम: कुणी केली पाहणी?

काका: मीच. मलाच पाठवलं होतं. तिसऱ्याला आलं, संबंधितांनी पाहणी करून समाधान व्यक्त केलं आहे.

मॅडम: तुम्हाला थट्टा सुचतेय! मुळात दार लावलंतच कशाला?

काका: बाहेर लाल दिवा लागला होता. लाल दिवा म्हणजे आत अँटेनाची मोजणी चालू, मोजणी चालू म्हणजे दार बंद. एकोणतीस वर्षं हेच करतोय. हात आपोआप जातो.

मॅडम: मोजणी... तशी काही चालू नव्हती. आवरत होते मी.

काका: असेल.

मॅडम: मोबाईलला रेंजही नाही.

काका: या खोलीत रेंज आली तर माझी नोकरी जायला हवी. सगळीकडून लोखंडी पत्रा आहे, वर, खाली, चारी बाजूंनी. एकेका सांध्याला मी स्वतः कथलाचा डाग दिलाय. बाहेरची लाट आत नाही, आतली बाहेर नाही. त्याचसाठी तर बांधली.

मॅडम: ओरडून बघू का?

काका: ओरडा. पण हे निळे फोमचे सुळके लाटा गिळतात तसे आवाजही गिळतात. आणि ऐकायला आहे कोण? सगळं ऑफिस धावपट्टीवर गेलंय, तुमचा तो रडारचा डबा विमानाबरोबर उडताना बघायला. राहिला फाटकावरचा पहारेकरी. तो सहाला किल्ल्या घेऊन फिरतो.

मॅडम: सहाला? काका, विमान चारला उडतंय!

काका: उडू दे की. डबा बसलाय त्याला, कागदावर तुमची सही झालीय. आपण दोघं तिथं नसलो म्हणून काय अडतंय? टाळ्यांना माणसं पुष्कळ आहेत.

मॅडम: हो. तेही खरंच.

काका: बसा. त्या लाकडी स्टुलावर बसा, फोमला टेकू नका, चुरा पडतो. मी इथं जमिनीवर बसतो.

मॅडम: तुम्ही आज यायला नको होतं, काका. काकू घरी एकट्या.

काका: एकटी कसली? घर भरलंय नातेवाइकांनी. चार दिवस सगळे हळू आवाजात बोलतायत. मेहुणा आला, त्यानं धाकटीचा शाळेतला फोटो मागितला. म्हटलं कशाला रे? तर म्हणाला, असू दे हाताशी. मी चपला घातल्या आणि निघालो. अजून चार दिवसच झालेत आणि या लोकांनी माझ्या पोरीला "होती" करून टाकलंय.

मॅडम: असं नका ना बोलू.

काका: मी नाही बोलत, ते बोलतात. ती जंगलात झाडं मोजायला गेलीय. तिचं कामच ते. ती, एक जोडीदार आणि जीपचा ड्रायव्हर. सोमवारी दुपारी वायरलेसवर म्हणाली, डोंगर खचलाय, रस्ता गेलाय, दुसरी वाट शोधतोय. त्यानंतर आवाज नाही. आणि एवढं दाट रान की वरून बघावं तर नुसती हिरवी गादी.

मॅडम: माहीत आहे मला.

काका: तुम्हाला आठवतं का, ती या खोलीत आली होती. नाही, तुम्ही तेव्हा नव्हता इथं. नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून आणली. मधोमध उभी राहून जोरात हाक मारली तिनं. इथं कसं, आवाज भिंतीला लागून परत येत नाही ना. घाबरली. म्हणाली, बाबा, माझा आवाज कुठं गेला? तर मॅडम, एक काम करा. नाहीतरी बसलोच आहोत. घरी बायको मला रोज विचारते, की तो डबा आपल्या पोरीला शोधणार म्हणजे करणार काय? मी मेकॅनिक माणूस, मी सांगतो ते तिला पटत नाही. तिला कळेल असं सांगा.

मॅडम: आत्ता?

काका: आत्ता दुसरं काय काम आहे?

मॅडम: बरं. साधं रडार असतं ना, त्याच्या लाटा आखूड. आखूड लाट पानांत अडकते, पानं ओली असली तर जास्तच. लाट लांब असेल, चांगली माणसाच्या उंचीएवढी, तर ती पानांना जुमानत नाही. फांद्यांतून खाली उतरते, आणि खाली धातूचं काही असेल, म्हणजे जीप, पत्र्याचं छप्पर, तर त्याच्यावर आपटून परत येते.

काका: म्हणजे जीप सापडली की पोरगी सापडली.

मॅडम: हो. पण लांब लाट सोडायची तर अँटेनाही तेवढी मोठी लागते.

काका: ती आपली जुनी दारं. दाराएवढ्या त्या चार फळ्या. उचलताना माझी कंबर जायची.

मॅडम: तीच. ती फक्त मोठ्या विमानाला बसतात. आपलं छोटं विमान त्यांना घेऊन हलणारही नाही. म्हणून मी ती तांब्याची नक्षी केली. पातळ पत्र्यावर छोट्या छोट्या कड्या, एकीत एक, शेकडो, ठरावीक अंतरावर. त्याला मेटामटेरियल म्हणतात. तांबं तेच, पण मांडणी अशी की लाटेला वाटतं, जागा खूप मोठी आहे. चक्री जिन्यासारखं आहे, काकूंना सांगा. घर लहान, पण माणूस फिरत फिरत पुष्कळ चालतो.

काका: आणि दाराचा झाला डबा.

मॅडम: दाराचा डबा.

काका: हे पटेल तिला. आता पुढचं. समजा डबा गेला वरून आणि त्याला काही दिसलं नाही. मग?

मॅडम: मग... तो चौकोन रिकामा.

काका: रिकामा म्हणजे?

मॅडम: नकाशावर जंगलाचे चौकोन पाडलेत. ज्यात काही दिसलं नाही, तो खोडतात. पायी शोधणारी माणसं मग तिकडे जात नाहीत. माणसं थोडी आहेत ना, काका. कुठे कुठे पाठवणार?

काका: म्हणजे डबा नाही म्हणाला की कुणीच जायचं नाही.

मॅडम: हो.

काका: आणि मोठं विमान? दारंवालं? ते म्हणे मागवलं होतं.

मॅडम: मागवलं होतं. उद्या सकाळी येणार होतं. काल साहेबांनी मागणी परत घेतली. म्हणाले, आपला डबा असताना ते कशाला.

काका: बरोबर आहे. डबा शंभरातले साठ भाग ताकद लाट करून बाहेर सोडतो. साहेबांनी टीव्हीवर सांगितलंय, साठ. मी घरात आवाज मोठा केला होता सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. साठच ना, मॅडम?

मॅडम: रिपोर्टमध्ये तेच आहे.

काका: रिपोर्ट मी वाचलाय. मी तुम्हाला विचारतोय.

मॅडम: काका, इथे फार गुदमरतंय हो. हवा येते ना आत?

काका: येते. वर जाळी आहे. हवा कमी पडत नाही इथं. जीप दिसेल ना, मॅडम?

मॅडम: दिसायला हवी.

काका: हवी की दिसेल?

मॅडम: तुम्ही असं वकिलासारखं काय विचारताय?

काका: बाप असाच विचारतो. बरं, ते राहू द्या. तुम्ही धावपट्टीवर का नाही गेलात? आज तुमचा मान. साहेबांना सांगितलंत, डोकं दुखतंय, घरी जाते. आणि सापडलात इथं. लाल दिवा लावून.

मॅडम: म्हटलं ना, आवरत होते.

काका: तो दुसरा, तसलाच डबा स्टँडवर चढलेला आहे. त्याच्या पाठीला केबल नाही. केबल तिकडे खुंटीला टांगलीय, गुंडाळी करून, नीट. तिच्या जागी पाठीला काडेपेटीएवढं काहीतरी चिकटवलंय. बॅटरीवर लाट तयार करणारं ते यंत्र ना? आपल्या स्टोअरमधलं?

मॅडम: हो.

काका: आज सकाळी नेलंत. माझ्या रजिस्टरला सही आहे. आणि तीन आठवड्यांपूर्वी केबलवर चढवायच्या फेराइटच्या काळ्या कड्या नेल्यात, बारा. दोन दिवसांत परत आणून ठेवल्यात. मी विचारलं, झालं काम? तुम्ही म्हणालात, नकोत, त्या सिग्नल खातात.

मॅडम: तुम्हाला तारखाही पाठ आहेत.

काका: मला बाकी आहे काय पाठ करायला? मॅडम, नऊ महिन्यांपूर्वी याच जागी तुमचा तो मोठा आकडा पहिल्यांदा आला. बाहेर साहेब, पाहुणे, सगळे पडद्याला नाक लावून, आणि तुम्ही माईकवर आकडे वाचत होता. केबल मध्येच झोळ खात होती म्हणून मी हातानं उचलून धरली होती. आठवतं?

मॅडम: आठवतं.

काका: मी म्हटलं, मॅडम, मी केबल धरली की आकडा पडतो. सोडली की चढतो. तुम्ही काय म्हणालात?

मॅडम: काका, प्लीज.

काका: तुम्ही माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, काका, तुमचा हात थरथरतोय, तुम्ही बाहेर थांबा. दुसऱ्या दिवशी केबलला लाकडी स्टँड आला. तेव्हापासून मोजणी चालू असताना मी बाहेर. मला राग नव्हता, मॅडम. वय झालंय, थरथरत असेल, म्हटलं. घरी जाऊन मी पाण्याचा पेला काठोकाठ भरला आणि हातात धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, हे काय चाललंय? एक थेंब सांडला नाही.

मॅडम: मला तो आकडा हवा होता, काका.

काका: बोला.

मॅडम: तीन वर्षं झाली होती. विभाग बंद करायचं ठरत होतं. अकरा माणसं होती माझ्या हाताखाली, तुम्ही धरून. आणि त्या दिवशी पडद्यावर साठ आला. मी रात्रंदिवस ज्याची वाट पाहिली तो साठ. आणि तुम्ही म्हणालात, हलतोय. मला ते ऐकायचंच नव्हतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कदाचित थांबले असते. तुम्ही मेकॅनिक. तुमच्या हातावर ढकलणं सोपं होतं.

काका: आणि मग?

मॅडम: मग साहेबांनी वर कळवलं. मग सत्कार झाला. आईनं त्या बातमीचं कात्रण भिंतीवर लावलं. तीन आठवड्यांपूर्वी एक हिशेब जुळेना म्हणून शंका आली, केबलवरची लाट अडवायला त्या काळ्या कड्या चढवल्या. साठाचे नऊ झाले. मी स्वतःला म्हटलं, कड्याच खात असतील. खोटं होतं ते, मला तेव्हाच कळलं. म्हटलं, महिन्याभरात नक्षी सुधारते, गुपचूप बदलून टाकते, कुणाला कळणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सोमवारी डोंगर खचला.

काका: आज किती आले? बॅटरीवर, केबलशिवाय?

मॅडम: काका...

काका: किती?

मॅडम: चार. शंभरातले चार.

काका: चार.

मॅडम: केबल बोलत होती, काका. डबा नाही. लाट डब्यातून बाहेर पडायच्या ऐवजी केबलच्या अंगावरून मागे वाहत होती, आणि ती तीन मीटरची केबलच लाट फेकत होती. म्हणून तुम्ही धरली की आकडा पडायचा. आम्ही तीन वर्षं डबा लहान करत होतो आणि त्याच्या पाठीला लांबलचक अँटेना बांधून मोजत होतो. कॉलेजातली पोरंसुद्धा ही चूक करतात म्हणून मी त्यांना ओरडते. आणि मीच... काही बोला ना. ओरडा माझ्यावर.

काका: थांबा. ऐकतोय.

मॅडम: काय?

काका: काळीज. माझं. इथं ऐकू येतं.

मॅडम: मी आज मोजून मगच ठरवणार होते. आकडा नऊ-दहा आला असता तर गप्प बसले असते, हेही खरं सांगते. चार आला आणि मी दाराकडे वळले, तर तुम्ही आत येत होतात. आणि तुम्हाला बघून मला... तुम्हाला कसं सांगायचं होतं मी? साहेबांना सांगितलं असतं. तुम्हाला नाही.

काका: साहेबांना सांगितलं असतंत?

मॅडम: माहीत नाही. खरंच माहीत नाही. आता काय फरक पडतो? सहाला दार उघडणार. तोवर विमान जाऊन येईल, चौकोन खोडून होतील. आपण इथे बसून राहायचं. मला वेड लागेल, काका.

काका: किती वाजले?

मॅडम: चारला वीस कमी.

काका: मग वेळ आहे. हे घ्या.

मॅडम: हे काय... हँडल? तुमच्या खिशात? म्हणजे मोडलं नव्हतं?

काका: नाही. आत आल्या आल्या काढलं, मला बघून तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा. एकच स्क्रू आहे, नखानं निघतो. सहा महिने डुगडुगतंय ते मात्र खरं.

मॅडम: तुम्ही मला कोंडलंत?

काका: हो.

मॅडम: काका! तुमची स्वतःची मुलगी तिकडे आणि तुम्ही इथे तास घालवलात? मी बोललेच नसते तर?

काका: पावणेचारला उघडणार होतो, काहीही झालं तरी. आता तू ऐक, पोरी. मी काल साहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, केबलचं काहीतरी आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काका, तुम्ही दुःखात आहात, घरी जा. तुला जिन्यात गाठलं. तू म्हणालीस, काळजी करू नका, डबा शोधेल. आणि डोळे पायऱ्यांकडे. मी सांगून कोण ऐकणार? माझा हात थरथरतो. सही तुझी, आकडा तुझा. तो परत घ्यायचा तर तूच घ्यायला हवास. बाहेर विचारलं असतं तर तू फोन काढला असतास, मीटिंग आहे म्हणाली असतीस. चार दिवस मी कोंडलेलाच आहे. म्हटलं, तासभर तूही बस माझ्याशेजारी.

मॅडम: मला तुमच्याकडे बघवत नाही.

काका: नको बघूस. रडायचं तर नंतर रड. आधी सांग, हा चार भागांचा डबा अगदीच आंधळा आहे, की जवळचं दिसतं त्याला?

मॅडम: जवळचं? थांबा. थांबा हं. कागद आहे? हा चालेल. साठाच्या जागी चार, म्हणजे जाताना पंधरावा भाग, येताना परत पंधरावा... त्याचं चौथं मूळ... काका, जवळजवळ चौपट खाली उतरलं तर दिसेल. तीन हजार मीटरवरून उडणार आहेत, तिथून काही नाही दिसणार, जीप दिसणार नाही आणि ते म्हणतील रिकामं. पण आठशेवरून दिसेल. दिसायला... नाही. दिसेल.

काका: मग सगळं जंगल आठशेवरून बघू.

मॅडम: नाही होणार. खालून गेलं की पट्टा अरुंद होतो. उजेड संपेपर्यंत जेमतेम एक पट्टा होईल, फार तर दोन. कुठला घ्यायचा तेच कळायला हवं.

काका: ते मला कळतं.

मॅडम: तुम्हाला?

काका: थंडीत दोन दिवस तिच्या तंबूत राहून आलोय. जीपमधून सगळं दाखवत होती, हे बघा बाबा, ते बघा बाबा. नदीच्या डाव्या अंगानं एक जुनी वाट आहे, लाकडं वाहायची. आता वापरात नाही, रान माजलंय, पण खाली दगड घट्ट आहे. म्हणाली, कधी रस्ता बंद झाला तर मी इकडून निघेन. ती माझी पोरगी आहे. बोललेली गोष्ट करते.

मॅडम: नदीच्या डाव्या अंगाने. चला. लावा ते हँडल. अहो लावा लवकर!

काका: उलटं धरलंयस. दे इकडे.

(दार उघडतं. बाहेरच्या खोलीतला पंखा ऐकू येतो.)

मॅडम: हॅलो, साहेब? मी बोलतेय. नाही, घरी नाही, टेस्टिंगच्या खोलीबाहेर आहे. फोन स्पीकरवर आहे.

साहेब: अरे वा, डोकं थांबलं वाटतं! ये की मग इकडे. सगळे तुझ्याबद्दलच विचारतायत. तो टीव्हीवाला म्हणतो, डब्याच्या आईला आणा.

मॅडम: साहेब, माझा आकडा खोटा आहे.

साहेब: काय?

मॅडम: साठ नाही. चार. आत्ता बॅटरीवर मोजला, केबल काढून.

साहेब: हे बघ, तू थकली आहेस. आपण उद्या शांतपणे बसू. विमान धावपट्टीवर उभं आहे, पंखे फिरतायत.

मॅडम: म्हणूनच आत्ता सांगतेय. उडू दे, पण आठशे मीटरवरून. आणि नकाशावरचा एकही चौकोन खोडू नका, डबा काहीही म्हणाला तरी. आणि ते मोठं विमान परत मागवा.

साहेब: परत मागवा? कालच मी त्यांना नको म्हणून कळवलंय, तुझ्या जिवावर. आता कुठल्या तोंडाने मागू? तुला कळतंय का याचा अर्थ काय होतो? तुझा, माझा, विभागाचा?

मॅडम: कळतंय.

साहेब: कागदावर तुझी सही आहे.

मॅडम: हो. दुसरा कागद येईल, त्याच्यावरही माझीच असेल. चूक माझी एकटीची, असं लिहीन. टीव्हीवाल्यांना काही सांगू नका, पण वैमानिकाला सांगा. आत्ता.

साहेब: आणि हे तुला नेमकं आज कळलं?

मॅडम: आज नाही. काकांनी नऊ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, तुमच्यासमोर. मी म्हटलं, त्यांचा हात थरथरतो. तो थरथरत नव्हता, साहेब.

साहेब: काका आहेत तिथे?

मॅडम: शेजारी उभे आहेत.

साहेब: धर जरा. ठेवू नकोस.

काका: काय म्हणाले?

मॅडम: धरायला सांगितलंय.

काका: गेले वाटतं टीव्हीवाल्याकडे.

मॅडम: पंख्यांचा आवाज मोठा झालाय. विमानाकडे चाललेत.

काका: बस ना तू. उभी का?

मॅडम: तुम्हीही उभेच आहात.

साहेब: हॅलो? वैमानिक म्हणतो, आठशेवरून जाईन, पण उजेड असेपर्यंतच. मोठ्या विमानाचं मी बघतो, पाया पडेन त्यांच्या. पण एवढ्या मोठ्या जंगलात नेमकं जायचं कुठून?

मॅडम: नदीच्या डाव्या अंगाने जुनी वाट आहे, लाकडं वाहायची. काकांची मुलगी तिकडूनच निघाली असणार.

साहेब: नकाशावर तसली वाट नाही, माझ्यासमोरच आहे नकाशा. नदी सात ठिकाणी वळते. काका, ऐकताय ना? ती वाट नदीला कुठे सोडते, कुठे परत मिळते, काढून पाठवता येईल? फोटो काढून. दहा मिनिटं थांबवतो मी विमान. जास्त नाही थांबवता येणार.

काका: पाठवतो.

मॅडम: हा घ्या नकाशा, माझ्याकडे प्रिंट आहे. हे पेन. नदी ही. धावपट्टी इकडे.

काका: इथं पूल होता. पडका. तिथून... थांब. हे काय झालं?

मॅडम: काही नाही. परत काढा.

काका: रेघ सरळ येईना. बघ, नऊ महिने उशिरा का होईना, तुझं खरं झालं. आता थरथरतोय.

मॅडम: थरथरू दे, काका. वाट तुम्हालाच माहीत आहे. तुम्ही काढा, मी कागद धरते.